वाचकांचे प्रश्न: स्लॅशरपटाला ऑर्केस्ट्रा हवा, पैसे मात्र दोन वादकांचे

आमच्या १८ मिनिटांच्या स्लॅशर (एकामागून एक खून दाखवणाऱ्या) शॉर्टफिल्मचं संगीत फुकट मिळणाऱ्या ऑर्केस्ट्रा सॅम्पल्समधून (वाद्यांच्या आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या सुट्या सुरांमधून) केलं. ऐकणारे म्हणतात, लग्नातल्या कीबोर्डसारखं वाटतं. आता फार तर दोन वादकांना एका संध्याकाळपुरतं बोलावता येईल. काही सुधारेल का? (खारघर)

सुधारेल. एक व्हायोलिन, एक चेलो बोलवा. पण त्याआधी सॅम्पल्सवर वाजवलेल्या लांब, गाण्यासारख्या धुना काढून टाका, कारण सोंग तिथेच उघडं पडतं. खरा वादक एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गजाचा दाब बदलत असतो. सॅम्पलमध्ये प्रत्येक सूर सुटा कापलेला असतो. सॅम्पल्सकडे तुटक ठोके आणि खालचा बास एवढंच काम द्या. एकच सूर भराभर वाजत असेल तर प्रत्येक नोटची व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) थोडी वेगळी ठेवा, नाहीतर मशीनगन ऐकू येते. लांब सूर ठेवायचाच असेल तर मॉड्युलेशन व्हील (कीबोर्डवरचं सूर चढवत-उतरवत नेणारं चाक) सतत हलतं ठेवा. असे सूर हळू उमलतात आणि तालाच्या मागे पडतात, म्हणून तो ट्रॅक ८० ते १२० मिलिसेकंद आधी सरकवा.

आता खरे वादक. त्यांच्याकडून सुरेल काही मागू नका, गोंगाट मागा. व्हायोलिनवर २० सेकंदांचा एकच सूर, गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) अगदी जवळ, थरथरता. पुढच्या टेकला अर्धा स्वर वर. डी सुरापासून ए सुरापर्यंत बरोब्बर आठ टेक होतात. ते एकावर एक चढवले की अंगावर येणारा क्लस्टर, म्हणजे शेजारशेजारच्या सुरांचा गठ्ठा, तयार. याला क्लिक (कानातली तालाची टिकटिक) लागत नाही, सेकंदकाटा पुरतो. दर टेकला वादकाची खुर्ची दोन-तीन हात हलवा. सगळे टेक एकाच जागेवरून घेतले तर खोलीचे दोषही आठपट होतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. चेलोकडून खालच्या सी तारेवर जोरात दाबून ओढलेला खरखरीत सूर घ्या. गजाच्या लाकडाने तारेवर मारायला सांगणार असाल तर आधी कळवा. चांगला गज कुणी त्यासाठी वापरत नाही, जुना सोबत आणावा लागतो.

व्हायोलिनचा माइक दीड मीटरवर, वाद्याच्या वरून. चेलोचा मीटरभर अंतरावर, घोडीच्या उंचीला. फ्लॅटचं छत खाली असतं, तिथून आवाज उलटतो. वादकाच्या डोक्यावर आणि माइकच्या मागे जाड गोधड्या टांगा. पंखा, फ्रिज, एसी बंद. शेवटी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम गुंज: सगळ्यांना एकच, सव्वादोन सेकंदांच्या आसपास. बऱ्याच सॅम्पल्समध्ये हॉलची गुंज आधीच असते, तेव्हा त्यांना कमी आणि खऱ्या वाद्यांना जास्त द्या. सरसकट सारखं दिलं की सॅम्पल्स मागे धुक्यात जातात आणि व्हायोलिन समोरच्या खोलीत वाजतंय असं वाटतं.

पण जुन्या स्लॅशरपटांना तरी पूर्ण ऑर्केस्ट्रा होता ना? (कळवा)

नेहमीच नाही. ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला. त्याचं संगीत चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांनीच तीन दिवसांत केलं, पियानो आणि सिंथेसायझरवर, पाच मात्रांच्या ठेक्यात. श्रेयनामावलीत ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’ असं भारदस्त नाव आहे. असा ऑर्केस्ट्रा नव्हताच. ‘सायको’साठी (१९६०) बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं घेतली. इतरत्र ती म्यूट (आवाज दबवणारा चाप) लावून वाजतात आणि शॉवरच्या प्रसंगात म्यूट निघतात. हे तुम्हालाही परवडेल: व्हायोलिनच्या घोडीवर बसणारा रबरी म्यूट स्वस्त असतो. पहिल्या खुनापर्यंत तो काढू देऊ नका.

फ्रेंच संगीतकार सॅं-साँचं ‘डान्स मकाब्र’ यूट्यूबवरून उतरवून वापरलं तर चालेल? कॉपीराइट संपलाय म्हणे. (ऐरोली)

रचनेचा संपलाय. सॅं-साँ १९२१ मध्ये वारले आणि आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रकाशनापासून ६० वर्षं. त्यामुळे हल्लीचं कुठलंही रेकॉर्डिंग उचलता येणार नाही. स्वरलिपी मात्र मोफत मिळते, ती तुमच्या वादकाला द्या. यातल्या एकल व्हायोलिनची ई तार अर्ध्या स्वराने उतरवून ई फ्लॅट करतात आणि शेजारच्या ए तारेसोबत मोकळीच छेडतात. तार लावायला दोन मिनिटं लागतात, आणि भुताचा प्रवेश तेवढ्यावर होतो.

सुरुवातीला संगीत चित्राला जुळतं, शेवटच्या खुनाला मात्र सेकंदभर आधी येतं. शिवाय किंकाळीच ऐकू येत नाही. (नौपाडा)

पहिली तक्रार फ्रेमरेटची दिसते. संगीतकाराने सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि चित्र २३.९७६ वर असेल, तर १८ मिनिटांत साधारण एक सेकंदाचा फरक पडतो. फाइल ताणून जुळवू नका. संगीतकाराच्या प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदला, चित्राची नवी प्रत त्यात टाका आणि ठोके पुन्हा बसवा. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झवर काढा. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा ‘बीप’ ठेवा, चूक संकलनाच्या टेबलावरच सापडेल.

किंकाळी आणि वरच्या पट्टीतलं व्हायोलिन, दोघांचाही जोर दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. आवाज वाढवत बसलात तर दोन्ही फाटतील. किंकाळीच्या अर्धा सेकंद आधी व्हायोलिन तोडा, खाली फक्त चेलो राहू द्या आणि किंकाळी संपता संपता क्लस्टर परत आणा. त्यासाठी संगीतकाराकडून एकच मिक्स घेऊ नका; व्हायोलिन, चेलो, सॅम्पल्स आणि ठोके अशा चार वेगळ्या फाइल्स मागून घ्या.