ट्रंकेतल्या विनोदी कादंबऱ्या

प्रश्न : माळा आवरताना वडिलांच्या ट्रंकेत तीस-चाळीस जुन्या, हलक्याफुलक्या कादंबऱ्या सापडल्या. शाळेत असताना त्या चोरून वाचल्या होत्या. आता पुन्हा वाचतो आहे, पण तेव्हा पोट धरून हसलो त्या जागी हसू येत नाही आणि भलत्याच ठिकाणी येते. मुलगा म्हणतो, या वयात काहीतरी भारदस्त वाचा. पुस्तकांना कसरही लागली आहे. काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक, रावेर तालुका

उत्तर : हसण्याच्या जागा बदलल्या, यात बिघडले काहीच नाही. पंधराव्या वर्षी आपण कादंबरीतल्या भावी जावयाच्या बाजूचे असतो. साठीनंतर नकळत त्याच्या चिडक्या, हिशेबी सासऱ्याशेजारी जाऊन बसतो आणि पूर्वी ओलांडून गेलेला त्याचा एखादा उद्गार नेमका लागतो. काही विनोद मात्र खरोखरच शिळे झालेले असतात. तोतरेपणावरची किंवा बायकांच्या रूपावरची थट्टा आज वाचवत नाही. तिथे ओढूनताणून हसू नये, पाने उलटावीत.

या पुस्तकांची खरी चैन वेगळीच आहे. गंभीर कादंबरी मोठ्या प्रश्नांच्या मागे असते, तेव्हा ही मंडळी किरकोळ गोष्टींवर गुजराण करतात : भलत्या पत्त्यावर गेलेले पोस्टकार्ड, टांगेवाल्याशी घासाघीस, पाहुणे आल्यावर संपलेली साखर. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्याआधीच्या पुस्तकात साडेतीन आण्यांवरून रंगलेले भांडण कळायला रुपयाचे सोळा आणे ठाऊक असावे लागतात, आणि ते नातवाला समजावताना अर्धा तास कुठे जातो ते कळत नाही. छपाईचेही तसेच. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘करूं’ असे डोक्यावर टिंब घेतलेले शब्द भेटत. पहिली दहा पाने डोळा अडखळतो, पुढे टिंबे दिसेनाशी होतात. मोठ्याने वाचलेत तर तेही नको. संध्याकाळी ओट्यावर वाचावे आणि ऐकणाऱ्या एखाद्या आजीने लेवा बोलीत शेरे मारावेत. मूळ विनोदापेक्षा शेराच अधिक रंगतो, असा आमचा अनुभव आहे.

चिरंजीवांना घरचेच उदाहरण द्या. खानदेशातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’ भारदस्त कादंबऱ्यांत अग्रभागी मानली जाते, पण पांडुरंग सांगवीकराचे पुण्यातले वसतिगृहाचे दिवस वाचताना हसू न येणारा वाचक विरळा. भारदस्तपणा आणि हसू यांचे वैर वाचकांनीच लावलेले आहे.

आता कसर. पुस्तके भर उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हाने जुना कागद ठिसूळ होतो. सावलीत वाऱ्यावर पसरून मऊ कुंचल्याने एकेक पान झाडा. ऊन द्यायचे ते रिकाम्या ट्रंकेला. पुन्हा भरताना वेखंडाचे तुकडे ठेवा आणि फाटक्या पानांना चिकटपट्टी मुळीच लावू नका, तिचा डाग कायमचा राहतो. पाने गळालेल्या प्रतींसाठी जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयात चौकशी करावी. १८७७ पासूनची संस्था आहे. गळालेले एकच पान उतरवून आणायला जाल, पण सोबत पिशवी असू द्या.