ईआरपी प्रकल्पाची सूत्रे हाती घेताना

चाकण किंवा भोसरीतील एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) बसवण्याचे काम प्रथमच तुमच्याकडे आले असेल, तर सॉफ्टवेअरच्या आधी ग्राहकाच्या जुन्या माहितीकडे लक्ष द्या. एकाच बोल्टची वेगवेगळ्या नावांनी झालेली नोंद, व्यवहार थांबलेल्या पुरवठादारांची खाती आणि गोदामाशी न जुळणारा साठा जसाच्या तसा नव्या प्रणालीत गेला, तर पहिल्याच आठवड्यात दोष प्रणालीला दिला जातो. ही साफसफाई ग्राहकाच्याच माणसांना जमते. म्हणून ती कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे करारातच लिहून घ्यावे.

प्रणाली बसवण्यात तुमच्यासोबत असलेल्या भागीदार कंपनीच्या बाबतीत कामाची वाटणी याहूनही काटेकोर हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना, काही अपवाद वगळता, व्यावसायिक ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बीजक) बंधनकारक आहे. त्यामुळे पोर्टलशी असलेली जोडणी तुटली की माल फाटकातच अडकतो, आणि त्या वेळी 'हे आमच्या कक्षेत नव्हते' हे उत्तर कोणालाही परवडत नाही. त्या जोडणीची जबाबदारी एकाच पक्षाकडे असावी.

नवी प्रणाली १ एप्रिललाच सुरू करण्याचा आग्रह बहुतेक मालक धरतात. हिशेबाच्या दृष्टीने तो रास्त आहे, पण मार्चअखेरीस लेखा विभागाला चाचणीसाठी सवड नसते. माझा कल १ जुलैकडे असतो, आणि चाचणीला व्यवस्थापकाइतकाच स्टोअरकीपरही हवा.