हृदयावरचा धमन्यांचा भार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांचा रक्तदाब १६०/७० भरतो. खालचा आकडा चांगला असताना डॉक्टरांना काळजी कसली वाटते?

उत्तर : काळजी त्या दोन आकड्यांमधल्या ९० च्या अंतराची आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा निरोगी महाधमनी फुगून बरेचसे रक्त सामावून घेते आणि हृदय सैल पडले की तेच रक्त पुढे ढकलते. याचे गणित जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये मांडले. वयोमानाने तिच्या भिंतीतील लवचिक तंतू झिजले की ती फुगेनाशी होते, त्यामुळे वरचा दाब चढतो आणि साठा कमी राहिल्याने खालचा उतरतो. डाव्या जवनिकेच्या (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याच्या) स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः या खालच्या दाबाच्या काळातच मिळते. म्हणजे हृदयाचे काम, अर्थात त्याच्यावरचा धमन्यांचा भार, वाढतो आणि पुरवठ्याचा जोर मात्र घटतो. म्हणून या वयात, वरचा दाब १६० असताना, ७० हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

प्रश्न : दंडाला पट्टा बांधून हा भार मोजता येतो का?

उत्तर : पूर्णपणे नाही. भार कळायचा तर दाबाबरोबर प्रवाहही मोजावा लागतो. एक सोपी रीत अशी : वरच्या दाबाला ०.९ ने गुणले की आकुंचनाच्या अखेरचा दाब अंदाजे मिळतो. त्याला, एका ठोक्यात हृदयातून जेवढे रक्त बाहेर पडते, तेवढ्या मिलिलिटरने भागायचे. हे रक्त इको तपासणीत मोजता येते. समजा, दोघांचाही वरचा दाब १४० आहे, म्हणजे अखेरचा दाब १२६. एकाचे हृदय ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते, दुसऱ्याचे ४५. पहिल्याचा भार १.८ येतो, दुसऱ्याचा २.८, आणि पट्ट्याच्या यंत्रावर दोघे सारखेच दिसतात! मात्र नाडी जलद झाली तरी हा आकडा वाढतो, त्यामुळे तो निव्वळ धमन्यांच्या ताठरपणाचे माप समजू नये.

प्रश्न : माझ्या अहवालात नाडीलहरीचा वेग सेकंदाला ११.५ मीटर लिहिला आहे. तो फार आहे का?

उत्तर : प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्यांतून दाबाची जी लहर धावते, ती नाडीलहर. मानेतील आणि जांघेतील नाडीवर संवेदक ठेवून लहर दोन्हीकडे पोहोचण्यातले कालांतर मोजतात आणि त्याने अंतराला भागतात. धमनी जितकी ताठर, तितकी लहर वेगवान. अशी लहर पुढच्या शाखांवरून परावर्तित होऊन, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच परत येते आणि त्याचे काम जड करते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी १० ही मर्यादा धरली आहे, पण ती मान ते जांघ या सरळ अंतराचे ८० टक्के धरून काढलेल्या वेगासाठी आहे. तुमच्या केंद्राने पूर्ण अंतर धरले असेल, तर ११.५ चे ९.२ होतात. म्हणून अंतर कसे धरले आणि त्या वेळी रक्तदाब किती होता, हे आवर्जून विचारावे, कारण दाब चढलेला असताना वेगही जास्त येतो.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, सडपातळ आहे. दंडावरचा दाब १४२/७४ येतो. औषध लागेल का?

उत्तर : तरुणांमध्ये नाडीलहर दंडापर्यंत पोहोचताना उंचावते, त्यामुळे महाधमनीतला वरचा दाब याहून बराच कमी असू शकतो. तरीही दुर्लक्ष करू नये. चोवीस तासांची रक्तदाब नोंद करून घ्यावी आणि औषधाचा निर्णय ती पाहून डॉक्टरांनी घ्यावा.