घरी चांगले स्पीकर असताना सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून जुन्या सिनेमांचं संगीत ऐकायला पैसे घालवावेत का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, तिकीट महाग आहे, तर घरच्या स्पीकरपेक्षा तिथे जास्त काय मिळणार? आणि दुसरी, आपल्या हिंदी गाण्यांचे असे कार्यक्रम इतके कमी का होतात? मी इंग्लंडमध्ये एका हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनच्या गटात वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं प्रेक्षकाचं आणि थोडं वाजवणाऱ्याचं आहे.

कोणत्या काळातला सिनेमा आहे ते आधी बघा. १९३०-४० च्या दशकांतलं संगीत फिल्मच्या कडेला ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या पट्टीवर, उतरवलं जायचं. त्यात वरचे आवाज कापले जायचे, आणि उरलेल्यावर संवाद, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट चढायचा. १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'चं संगीत एरिक कॉर्नगोल्डचं. हा व्हिएन्नाचा, ऑपेरे लिहिणारा माणूस. त्याने सिनेमासाठीही तेवढ्याच श्रीमंतीने लिहिलं, पण सिनेमात त्यातलं निम्मं कानावर येत नाही. सभागृहात मागे हार्प काय करतेय, हॉर्न कुठे आत शिरतात, हे पहिल्यांदा कळतं. जे फिल्मवर नीट उतरलंच नाही ते तुमचा स्पीकर कुठून आणणार? अशा संगीतासाठी खुशाल पैसे घालवा.

'स्टार वॉर्स'चं मात्र तसं नाही. १९७७ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते वाजवलं आणि रेकॉर्डिंगही झकास झालं. मॉरिस मर्फी हे ऑर्केस्ट्राचे नवे मुख्य ट्रम्पेटवादक, आणि हेच रेकॉर्डिंग म्हणजे त्यांचा तिथला पहिला दिवस. ती सलामीची ट्रम्पेट ऐकून हे खरं वाटत नाही. घरी ती ऐकलीत तर फार काही गमावणार नाही. प्रत्यक्षात मजा वेगळी: समोरच्या ट्रम्पेटवाल्याला दुसरा टेक नाही, हे त्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही.

हिचकॉकच्या 'सायको'चं (१९६०) बर्नार्ड हर्मनने केलेलं संगीत तर बघायला जावं असं आहे. सगळं फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं, ब्रास (ट्रम्पेट-हॉर्नसारखी पितळी वाद्यं) नाही, तालवाद्यं नाहीत. बहुतेक भाग म्यूट (आवाज दबवणारा छोटा चिमटा) लावून वाजवायचा आणि शॉवरच्या प्रसंगाला म्यूट काढायचे. त्या प्रसंगाला संगीतच नको असं हिचकॉकचं आधी मत होतं, हर्मनने ऐकवल्यावर ते बदललं. आम्ही त्यातला काही भाग वाजवला तेव्हा त्या किंकाळ्या सुरू होताच प्रेक्षकांत हशा पिकला, कारण तो आवाज सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. काही क्षणांतच हसू थांबलं. खोलीभर व्हायोलिनं एकदम किंचाळली की अंगावर येतं.

तुमचा कार्यक्रम नुसत्या संगीताचा आहे की पडद्यावर सिनेमा चालू असताना ऑर्केस्ट्रा वाजवणार आहे, तेही तपासा. दुसऱ्या प्रकारात संगीत काढून टाकलेली, फक्त संवाद आणि इतर आवाज असलेली प्रत लागते. कंडक्टरपुढे, म्हणजे हाताने ताल दाखवून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यापुढे, छोटा पडदा असतो. त्यावर डावीकडून उजवीकडे एक रंगीत उभी रेघ सरकत जाते, कडेला पोचली की पांढरा ठिपका चमकतो आणि नेमकी त्याच क्षणी ठरलेली मात्रा पडायला हवी. ही युक्ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या आल्फ्रेड न्यूमनच्या नावाने ओळखली जाते. कुठे कुठे वादकांच्या कानात क्लिकही, म्हणजे तालाची टिकटिक, देतात. क्लिकवर वाजवलेलं अचूक असतं, पण मला ते कोरडं वाटतं. रेघेवर चालणारा कंडक्टर श्वास घ्यायला जागा ठेवतो. मूकपट असेल तर डोळे झाकून तिकीट काढा, कारण तिथे संवादाखाली दबायचा प्रश्नच नाही. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'चं (१९३१) संगीत कार्ल डेव्हिस यांनी पुन्हा उभं केलं, आणि १९८९ मध्ये चॅप्लिनच्या जन्मशताब्दीला ते सिनेमाबरोबर प्रत्यक्ष वाजवलं गेलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला यावरच जास्त बोलायचंय. ऑर्केस्ट्राला वाजवायला कागद लागतो. सत्तर जणांपुढे सत्तर जणांचे पार्ट, म्हणजे ज्याने त्याने काय वाजवायचं ते लिहिलेले कागद, हवेत. आणि सिनेमाच्या धंद्यात रेकॉर्डिंग आटोपलं की कागदाची किंमत शून्य. हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. एमजीएम या बड्या स्टुडिओने आपल्या संगीतपटांचे पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेली प्रत) आणि पार्ट जागा अडते म्हणून १९७० च्या आगेमागे कचऱ्यात भरावाला टाकून दिले. 'सिंगिंग इन द रेन', 'द विझर्ड ऑफ ऑझ' सगळं गेलं. काही ठिकाणी कंडक्टरसाठीची दोन-तीन ओळींची संक्षिप्त प्रत तेवढी उरली. इंग्लंडमधल्या गेट्सहेडचा जॉन विल्सन नावाचा कंडक्टर वर्षानुवर्षं सिनेमे पुन्हा पुन्हा ऐकून, दुसरी क्लॅरिनेट काय वाजवतेय इथपर्यंत कान लावून, ते कानाने उतरवत बसला. २००९ च्या बीबीसी प्रॉम्समध्ये, म्हणजे लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलला त्याच्या ऑर्केस्ट्राने ते वाजवलं आणि लोक वेडे झाले. मी त्या संध्याकाळचं चित्रण नंतर टीव्हीवर पाहिलं. वादक चक्क मजा करत होते, हे आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांत दुर्मिळ.

मुंबईची गोष्ट याहून अवघड. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनांचे ताफे, चेलोची आडवी ओळ, मधल्या म्युझिकची बांधणी हे बरंचसं अरेंजरचं काम, आणि ते स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिणारे पुष्कळसे गोव्याचे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलं लहानपणीच सॉल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकायची, म्हणून ही मंडळी मुंबईत आल्या आल्या कामाला लागली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा तो भरगच्च आवाज सेबॅस्टियन डिसूझांच्या लेखणीतला. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर त्याही पुढे गेले. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःचा मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या, लताबाई आणि मन्ना डे गायले. पुढे ते अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या १९७७ च्या गाण्यात त्यांचं नाव अमर केलं, पण ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना हा माणूस खरा होता हे ठाऊक आहे?

त्या हजारो गाण्यांचे हाताने लिहिलेले पार्ट जपण्याची सोय कुणी केली नाही. गाणं ओके झालं, वादकांचे पैसे चुकते झाले, कागद रद्दीत. त्यामुळे आज कुठल्याही सिम्फनी ऑर्केस्ट्राला हिंदी गाणी वाजवायची तर कुणाला तरी विल्सनसारखं बसून सगळं नव्याने लिहावं लागतं. २०२३ च्या प्रॉम्समध्ये बर्मिंगहॅमच्या सिटी सिम्फनी ऑर्केस्ट्राने लताबाईंच्या गाण्यांचा कार्यक्रम केला, पलक मुच्छल गायली. म्हणजे करता येतं. पण लिहिण्याचा खर्च वादकांच्या मानधनाच्या आधी येतो, आणि आपले बरेच आयोजक तिथेच हात आखडता घेतात. मग गायकामागे सिंथेसायझर चाल धरतो आणि वीस व्हायोलिनं शोभेला लांब सूर ओढत बसतात. असला एक कार्यक्रम मी पाहिलाय, मध्यंतरात उठलो.

म्हणून तिकीट काढण्याआधी कार्यक्रमाची माहिती वाचा. संगीतकार आणि कंडक्टर यांच्या जोडीला ऑर्केस्ट्रेशन किंवा अरेंजमेंट कुणाची हे लिहिलेलं असेल, तर काढा. तिथे फक्त गायकाचा मोठा फोटो आणि 'भव्य ऑर्केस्ट्रा' एवढंच असेल, तर त्या पैशात चांगले हेडफोन येतात. आणि जागा निवडताना पहिल्या रांगा सोडा. तिथून माझ्यासारख्यांच्या बुटांपलीकडे काही दिसत नाही, आणि ब्रासचा आवाज डोक्यावरून जातो. वरच्या गॅलरीतली स्वस्त जागा घ्या, वाचलेल्या पैशांत आणखी कुणाला बरोबर नेता येईल.