काळी खिडकी बदलण्याआधी

आधी एक गोंधळ दूर करा. बॅश ही शेल आहे, म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आणि ती ज्या खिडकीत दिसते तो टर्मिनल. रंग विचित्र दिसतात किंवा खिडकी लहानमोठी केली की ओळी विस्कटतात, तेव्हा दोष बहुधा खिडकीचा असतो. उगाच बॅशची सेटिंग उकरत बसू नका.

विंडोजवर बॅश आणि लिनक्ससारखी साधनं देणारे सिगविन किंवा एमसिस२ वापरत असाल तर त्यांच्यासोबत येणारा मिनटीटीच ठेवा. पुट्टी या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या कोडवरून बेतलेला हा टर्मिनल हलका आहे. मजकूर नुसता निवडला की कॉपी होतो, मधलं बटण दाबलं की पेस्ट. एकच खोड: विंडोजसाठी बनवलेला पायथन त्यात सुरू केला की कधीकधी काहीच उमटत नाही, कारण त्या प्रोग्रॅमला समोर कन्सोल (विंडोजची स्वतःची कमांड-खिडकी) नव्हे, पाइप (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे मजकूर नेणारी नळी) दिसतो. गिट बॅशमध्ये (विंडोजसाठीच्या गिटसोबत येणाऱ्या बॅशमध्ये) असं झालं तर कमांडच्या आधी 'विनपीटीवाय' (winpty) लिहा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीस कॉनपीटीवाय (अशा टर्मिनलांना कन्सोलसारखं वागू देणारी सोय) आल्यापासून हा त्रास बराच कमी झालाय.

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, वापरणार असाल तर सरळ विंडोज टर्मिनल घ्या. टॅब आहेत, खिडकी विभागता येते. मात्र त्यात कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, त्यामुळे विम या एडिटरमध्ये त्याच कळांनी मजकुराचा उभा ठोकळा निवडायला गेलात की क्लिपबोर्डवरचा मजकूर भसकन आत येतो. सेटिंगमधून ती जोडणी पहिल्याच दिवशी काढा. पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहेच.

फॉन्ट आणि थीमचं नंतर बघता येईल.