भाऊबीजेचा चंद्र नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न : सर, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी एकटीच, तिला भाऊ नाही म्हणून भाऊबीजेला चंद्रालाच ओवाळतो. यावेळी आठला ताट घेऊन गच्चीवर गेलो, आभाळ एकदम स्वच्छ, पण चंद्राचा पत्ताच नाही, पोरगी रडकुंडीला आली. शेजारच्या चाचींना ईदचा चांद मात्र बरोबर सापडतो. नेमकं बघायचं कसं?

उत्तर : ताई, आधी लेकीला सांगा की तिचं काही चुकलं नाही, आठपर्यंत बीजेची कोर बहुधा मावळलेलीच असते. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा मावळतो ना, म्हणून अमावास्येनंतर पहिले एक-दोन दिवस तो सूर्याच्या मागोमागच जातो, आपल्या हातात मिळतो जेमतेम तास-सव्वा तास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोलापुरात सूर्य सहाच्या आत बुडतो, तेव्हा सव्वासहाला गच्चीवर पाहिजे. सूर्य बुडाल्या बुडाल्या शोधू नका, 20-25 मिनिटं जाऊ द्या, उजेड जरा उतरला की कोर उठून दिसते.

आता जागा, इथेच बहुतेक जण फसतात. सूर्य बुडाला तिथली काहीतरी खूण धरा, झाड, टॉवर, पाण्याची टाकी काहीही. हात सरळ पुढे करून मूठ धरली की ती आभाळात साधारण 10 अंश भरते. भाऊबीजेला कोर त्या खुणेपासून अंदाजे एक मूठ डावीकडे आणि मूठ-दीड मूठ वर असते, फुगीर बाजू खाली उजवीकडे, म्हणजे सूर्याकडे. गुढीपाडव्याच्या सुमाराला वेगळं, तेव्हा आपल्याकडून चंद्राची वाट क्षितिजावर जवळजवळ उभी असते म्हणून कोर सूर्याच्या वरच होडीसारखी आडवी दिसते, काय सुंदर दिसते ती!

चाचींचं काम तुमच्यापेक्षा अवघड आहे बरं का. 29 व्या रोज्याच्या संध्याकाळी कोर कधी कधी एक दिवसाचीही नसते. पंचांगात अमावास्या संपल्याची वेळ असते, तिथून तास मोजायचे. 15 तासांच्या आतली नुसत्या डोळ्यांनी दिसणं जवळपास अशक्य, 24 तासांची हवा स्वच्छ असेल तर दिसते पण केसासारखी बारीक, चंद्राचा 1 टक्काच भाग उजळलेला असतो. दुर्बीण असेल तर जरूर लावा, पण सूर्य पूर्ण बुडाल्यावरच, डोळ्यांचा प्रश्न आहे.

पश्चिमेला बिल्डिंगा आड येत असतील तर पुणे रोडने केगावच्या पुढे मोकळ्या माळावर जा. कोर सापडली की तिच्या आतला फिका राखाडी गोल पण लेकीला दाखवा, तो आपल्या पृथ्वीवरून चंद्रावर पडलेला उजेड असतो. आणि माळावर वारा फार असतो, निरांजनाला आडोसा करायला काहीतरी सोबत न्या.