लिमरिक, वात्रटिका की चुटका?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या मित्रमंडळींनी जुन्या रहस्यपटांवर पाच ओळींच्या विनोदी कविता रचून वाचनालयाच्या फलकावर लावायचे ठरवले, तेव्हा शीर्षकावरूनच वाद झाला. कोणी 'वात्रटिका' सुचवले, कोणी 'चुटके', तर कोणी 'लिमरिक' हाच शब्द ठेवावा असे म्हणाले. या शब्दाचे लिंग आणि अनेकवचन काय, हेही त्यांना हवे आहे.

माझा कौल 'लिमरिक'ला आहे. 'वात्रटिका' हा शब्द मंगेश पाडगावकरांच्या त्याच नावाच्या संग्रहामुळे सर्वांच्या ओळखीचा आहे, पण तो कवितेचा स्वभाव सांगतो, बांधा सांगत नाही. वात्रटिका चार ओळींची असो वा बारा, तिने कोणाची तरी खोडी काढली की तिचे काम झाले. लिमरिकाला मात्र पाचच ओळी लागतात. पहिली, दुसरी आणि पाचवी लांब व एका यमकाची, तर मधल्या दोन आखूड व वेगळ्या यमकाच्या.

'चुटके' हा शब्द आपल्या सीमाभागात सुचणे स्वाभाविक आहे. कन्नडमध्ये 'चुटुक' हा छोट्या, टोकदार कवितेचा प्रतिष्ठित प्रकार आहे आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील दिनकर देसाई (१९०९–१९८२) यांच्या चौपदींनी तो इतका लोकप्रिय केला की त्यांना 'चुटुकब्रह्म' म्हटले गेले. पण चौपदी ही नावाप्रमाणे चार ओळींची. शिवाय मराठीत चुटका म्हटले की गद्यातला छोटा विनोदी किस्साच आठवतो. दोन्ही भाषा वाचणाऱ्या बेळगावकरांपैकी एखादा त्या फलकावर किस्से शोधत राहील आणि दुसऱ्याला पाचवी ओळ चुकून आली आहे असे वाटेल.

लिमरिक हे मुळात आयर्लंडमधील एका शहराचे व परगण्याचे नाव आहे. एडवर्ड लिअरने १८४६ साली अशा रचनांचे पुस्तक काढले, पण त्याने स्वतः त्यांना लिमरिक म्हटले नव्हते. लिअरची पाचवी ओळ पुष्कळदा पहिल्याच ओळीच्या शेवटच्या शब्दावर परत येते, त्यामुळे तिच्यात धक्का नसतो. पुढच्या रचनाकारांनी मात्र कलाटणी तिथेच ठेवली. रहस्यपटासाठी ही दुसरी रीतच घ्यावी, कारण ज्या चित्रपटात शेवटच्या रिळापर्यंत काही लपवलेले असते, त्याला शेवटच्या ओळीपर्यंत काही लपवणारी कविताच शोभते. जॉन ह्यूस्टनच्या 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) या चित्रपटात सगळे जण ज्या रत्नजडित ससाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात, त्याचे असे करता येते:

काळा ससाणा मौल्यवान,
त्याच्यापायी सुटले भान;
खून पडले,
रंग खरडले,
आत शिशाचे निघाले ध्यान!

('ध्यान' या शब्दाचा हा घरगुती अर्थ दुसऱ्या भाषेत नेता येणार नाही, आणि म्हणूनच तो इथे वापरण्यात मजा आहे.)

पहिल्या ओळीत गावाचे नाव घालण्याची जुनी पद्धत आपल्याला फार सोयीची आहे, कारण निपाणी, कडोली, टिळकवाडी ही नावे यमकाला उदार आहेत. येळ्ळूर थोडे अडवते. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मधला (१९५४) पाय मोडलेला, खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवणारा छायाचित्रकार बेळगावात आणला, तर तो असा दिसेल:

भाऊंचे घर टिळकवाडी,
न्याहाळत बसती समोरची माडी;
रक्त दिसले!
पोलीस घुसले,
वाळत होती इरकली साडी!

मूळ चित्रपटात भाऊंचा संशय खरा ठरतो, हे मी मुद्दाम बदलले आहे. ज्या चित्रपटाचे सगळे सुख 'खुनी कोण' यातच आहे, त्याच्या खुन्याचे नाव पाचव्या ओळीत फोडू नये, असे माझे मत आहे. फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाने तो चित्रपट पाहिलेला असेलच असे नाही.

आपल्या बोलीचा एक फायदा मात्र फारसा कोणी घेतलेला दिसत नाही. बेळगाव-कोल्हापूरकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' असे म्हणतात. प्रमाण मराठीत ज्या क्रियापदावरून बोलणाऱ्याचे लिंग तत्काळ कळते, तेच इथे वाचकाला चकवते, आणि रहस्य रचणाऱ्याला याहून चांगला आयता चकवा मिळणार नाही:

'येतो' म्हणून गेला आवाज,
'पुरुषच खुनी,' बांधला अंदाज;
हेर पुणेरी
मिशाच हेरी,
काकूच निघाली दगाबाज!

इथे 'हेर' चालला, पण शीर्षकात 'गुप्तहेरपट' नको. मराठीत गुप्तहेर म्हणजे शत्रुराज्यातली बातमी आणणाराही आणि खुनाचा छडा लावणाराही, त्यामुळे नेमके काय अभिप्रेत आहे ते कळत नाही. उलट 'रहस्यपट' या शब्दात राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'सारखा (१९६४) हेराविना चालणारा चित्रपटही बसतो.

लिंगाविषयी तिन्ही प्रयोग ऐकू येतात. 'कविता' मनात धरून 'ती लिमरिक' म्हटले, तर अनेकवचन 'लिमरिका' करावे की 'लिमरिकी' इथे अडखळायला होते. पुल्लिंग मानले, तर एक लिमरिक आणि दहा लिमरिक यांच्या रूपांत फरक उरत नाही. 'काव्य', 'कडवे', 'गीत' यांच्या पंगतीत बसवून ते नपुंसकलिंगी मानावे: ते लिमरिक, ती लिमरिके, लिमरिकाची पाचवी ओळ. तेव्हा फलकावर 'रहस्यपटांवरील लिमरिके' असे लिहावे, आणि 'लिमरिक्स' हे इंग्रजी अनेकवचन टाळावे.